मुका तंबोरा

रशिदाच्या जन्मतपासणीत सांधे पोखरणारी प्रतिपिंडं सापडली, तेव्हाच तिच्या अब्बांनी ठरवलं की हिला जवारी शिकवायची नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवून तारेत गुंजन आणायचं, तर बोटं शाबूत हवीत. हिची तिशीतच वाकडी होणार. मिरजेत आता सगळेच पोरांचं रक्त बघून हुन्नर देत.

रशिदाने जन्मभर दुकानातली गिऱ्हाईकं सांभाळली. चाळिशी उलटली, तरी संधिवात आलाच नाही. तो आला अब्बांना. त्यांच्या जन्माच्या वेळी कुठली आली तपासणी!

आज तिने जवारीविना मुका राहिलेला तंबोरा त्यांच्यापुढे ठेवला. "अब्बा, आता तरी शिकवा."

तिची सरळ बोटं बघत अब्बांनी कानस उचलली. ती हातातून निसटली.

"निदान तोंडाने सांगा."

"कसं सांगू, पोरी? मला कुठे येत होतं? ते हातालाच ठाऊक होतं."