दहा मिनिटं पुढे

"बाई, फाईल सर्व्हर मला ओळखतच नाहीये!" मी कॉम्प्युटर लॅबमध्ये ओरडले. आमच्या नववी 'ब'ने तीन महिने खपून केलेली फिल्म त्याच्यातच होती आणि ती बाराच्या आत स्पर्धेला पाठवायला वीसच मिनिटं उरली होती.

घोरपडे बाईंनी स्वतःचा पासवर्ड तीनदा टाकून पाहिला. "कोणी काय उपद्व्याप केलाय गं?" वायरी घट्ट होत्या. सगळ्यांची नावं आणि पासवर्ड सांभाळणारा दुसरा सर्व्हरही मजेत चालू होता. पण फाईल सर्व्हर काही विचारायला गेला, की तो त्याला दारातूनच परत पाठवत होता.

मी सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. पानभर एकच तक्रार होती: दोघांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक. मी दोन्हीकडची वेळ पाहिली. पासवर्डवाल्या सर्व्हरवर अकरा बेचाळीस, फाईल सर्व्हरवर अकरा बावन्न!

बाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, ते मीच केलं काल. तास संपला तरी तुम्ही हलत नाही, म्हणून तुम्ही बघता ते फाईल सर्व्हरच्या पडद्यावरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं. घरी करते तसंच!"

"बाई, आम्ही फसतो हो, पण पासवर्डवाला सर्व्हर कसा फसेल?"

वर्ग खो-खो हसला. बाईंनी घड्याळ मागे घेतलं, मी पुन्हा नाव टाकलं आणि आमचं फोल्डर उघडलं!

अकरा छप्पनला फिल्म पोचली. आमचा आरडाओरडा ऐकून शेजारच्या वर्गावरचे सर रागवायला आले, तर सगळ्यात जोरात बाईच ओरडत होत्या.