दाब कलम

बागेच्या फाटकातून आत शिरताच नेल्डा थबकली. समोर तिचंच डॉगवुडचं झाड फुललं होतं.

एप्रिलच्या रविवारी टेनेसीच्या त्या डोंगराळ भागात लोक आपापल्या बागा येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी उघड्या ठेवतात. शेजारच्या गावातल्या या बागेत ती पहिल्यांदाच येत होती. डॉगवुडं काय, घरोघर होती. पांढरी नाहीतर गुलाबी. पण पाकळी अर्धी पांढरी आणि अर्धी गुलाबी, असं झाड एकच होतं. ते तिच्या अंगणात होतं. रानातून बोटभर रोप आणून तिनं ते वाढवलं होतं. त्याच्या बिया लावल्या की साधीच झाडं यायची. शेवटी तिच्या नवऱ्यानं, रॉयसनं, खालची एक फांदी मुळं फुटावीत म्हणून वाकवून मातीत दाबली आणि वर वीट ठेवली. पुढच्या वर्षी म्हणाला, "कुजली गं." नेल्डाला रडूच फुटलं. रॉयसनंच तिचे डोळे पुसले होते.

"छान आहे ना?" बागेची मालकीण जवळ आली. हसऱ्या चेहऱ्याची, चाळिशीतली बाई. "आमच्या रॉयसनं लावलंय. म्हणाला, असं झाड कुणाकडे नाही, फक्त तुझ्याकडे."

"बरीच वर्षं झाली असतील."

"अहो, केव्हाचं ते! लावलं तेव्हा माझ्या गुडघ्याएवढं होतं."

आता शेंडा छपराला लागला होता. नेल्डानं खोडावर हात ठेवला आणि बराच वेळ तो तसाच राहू दिला. बाईनं आणलेलं सरबत मात्र तिनं नको म्हटलं.

घरी रॉयस झाडाच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा पसरत बसला होता. "काय गं, कशा होत्या बागा?"

"आपण फांदी दाबली होती, आठवतं?"

"कुजली ना ती."

"जगलीय. छपराला लागलीय."

रॉयसचा हात भुशातच राहिला. "नेल्डा, अगं, ऐक तरी..."

"खालच्या फांद्या वाळायला लागल्यात तिच्या. बुरशी आहे. वर चढायच्या आत छाटायला हव्यात." तिनं पडवीतून छाटणीची कात्री आणली आणि त्याच्यापुढे धरली. "जा. आणि कात्री परत द्यायला येऊ नकोस."