आंब्याच्या वासाचा पंप

कामिनी, तू फक्त ऐक. मध्ये एक शब्द बोलायचा नाही, नाहीतर माझी लिंक तुटते.

खांडबाऱ्याचा बाजार. मी प्रिस्किला कामाला असते त्या मेडिकलच्या समोरच, मोबाइलला काच बसवून घेत होते. मेडिकलच्या पायरीवर होळ्याबाबा बसलेला. अगं, प्रिस्किलाचा आजा, दमेकरी. बोलताना छातीत शिट्टी वाजते त्याच्या. त्याचा तोंडात दाबून ओढायचा दम्याचा पंप संपलेला. नातीकडून नवा घ्यायला डोंगरातून उतरून आलेला. आणि नात कुठे? मागे गोदामात सलाइनचे खोके लावत होती.

काउंटरवर मालकाचा पोरगा, भाग्येश. सोबत त्याचे दोन टोणगे मित्र. त्याने खिशातून काढलं ते. निळं, चपटं, चकचकीत. व्हेप गं, ती बॅटरीची सिगारेट. म्हाताऱ्याच्या हातात ठेवली आणि म्हणतो, "बाबा, नवीन पंप उना शे. वढा जोरमा."

बाबाने ओढला. खोकला, डोळ्यांत पाणी, तोंडातून हा एवढा धूर. पोरं लोळायला लागली. एकाने मोबाइल काढला, "बाबा, सांगा ना, कसा शे पंप?" आणि तो भोळा म्हातारा मोबाइलकडे बघून हसला. "आंबाना वास येस," म्हणाला. परत ओढला. औषध वाया कशाला घालवायचं, असं वाटलं असेल त्याला.

खोकला ऐकून प्रिस्किला धावत बाहेर आली. पाहिलं, आणि झटक्यात ते त्याच्या हातातून हिसकावलं. भाग्येशकडे असं बघितलं ना, मला वाटलं आता वाजवते कानाखाली.

नेमका तेव्हाच हवालदार आला. हिंमतराव. गेल्या आठवड्यात वरच्या शाळेत एका पोराच्या दप्तरात असलंच सापडलं होतं, म्हणून साहेबांनी त्याला बाजारभर फिरायला लावलेलं. आणि वस्तू कोणाच्या हातात? प्रिस्किलाच्या.

"हाई कोनं शे?"

 मित्राचा मोबाइल केव्हाच खिशात.

"बोला ना! देशमा बंदी शे हाईले. इकाले बंदी, ठेवाले बंदी, आनाले बंदी. दुकानमा सापडनं तर दुकानले सील, नि इकनाराले वरीसभर आत."

भाग्येशला घाम नाही, काही नाही. गुटख्याची पुडी फाडावी तितक्या आरामात म्हणाला, "तिलाच विचारा ना, साहेब. काउंटरला तीच असते."

आता तू समजून घे. दुकानात असल्या व्हेपचा अख्खा डबा होता. सुरतहून आलेला. ठेवलेला कुठे, तर प्रिस्किलाच्याच खणात, मागे. ती महिनाभर सांगत होती, हलवा तो इथून. हा म्हणायचा, रविवारी नेतो. हे सगळं मला तिनेच सांगितलंय. आणि ती फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला. ट्रेनिंग याच दुकानात, सर्टिफिकेटवर सही याच्याच बापाची. खण उघडला असता तर हिच्या नावावर केस. मग कसलं लायसन, कसलं मेडिकल? त्यांच्या पाड्यावरून कॉलेजला गेलेली पहिली पोरगी गं ती.

हिंमतराव काउंटरच्या आत यायला लागला. फळी उचलली त्याने.

"आज्याचं आहे," प्रिस्किला म्हणाली.

मी हातातला मोबाइल पाडणार होते!

"बारडोलीला ऊसतोडीला गेला होता, तिकडून आणलं. त्याला काय कळतं, साहेब? तो ह्यालाच पंप म्हणतो."

होळ्याबाबाने नातीकडे पाहिलं. लांब नाही पाहिलं, पटकन. मग उभा राहिला, टोपी सारखी केली आणि म्हणाला, "हां साहेब. मन्हंच शे."

हिंमतरावने फळी खाली टाकली. ते निळं प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, म्हाताऱ्याचा दंड धरला आणि निघाला चौकीकडे. भर बाजारातून, पायी. मागून पोरं ओरडायला लागली, "आंबाना वास येस! आंबाना वास येस!" भाजीवाल्या बायासुद्धा हसल्या गं.

दुकानातून दिसतं त्या रेल्वे फाटकापर्यंत गेला असेल, तिथे त्याचा श्वास अडकला. फाटकाचा दांडा धरून खालीच बसला. खांदे नुसते वरखाली, वरखाली.

प्रिस्किला धावली. कपाटातून खरा पंप घेतला, खोकं वाटेतच फाडलं, एक चप्पल गेली तरी थांबली नाही. मी तिच्या मागेच. "साहेब, हे द्या त्याला, दोनदा दाबा, लवकर!"

हिंमतरावने पंप तिच्या हातातून घेतला, उलटासुलटा केला, वास घेतला. आणि त्याच पिशवीत टाकला.

"साहेब, हे औषध आहे! खरं औषध!"

"मघाशी तूच सांगं ना व पोरी, म्हातारा हाईलेच पंप म्हनस? आते कोना कोना पंप तपासू मी? डाक्टर दखी काय ते."

बस. आता एकच वाक्य हवं होतं, कामिनी. खोटं बोलले मी, दुकानात चला, खण दाखवते. एवढंच. तिचे ओठ हलताना मी पाहिले.

मागून भाग्येशने हाक मारली, "प्रिस्किला, गिऱ्हाईक थांबलंय!"

आज्याला बोलायला दम नव्हता. त्याने दांड्यावरचा एक हात सोडला आणि शेतातल्या कोंबड्या हाकलाव्यात तसा हलवला. जा. जा.

ती दुकानात परत गेली गं. एका पायात चप्पल, तशीच.

आता बोल ना. तू असतीस तिथे, तर काय केलं असतंस?