निळसर

“निळे आहेत गं! सगळेच्या सगळे निळे!” मॅडम हॉलच्या मधोमध उभ्या राहून ओरडल्या, आणि त्यांच्या ताईंच्या हातातली औषधांची पिशवी खाली पडली.

ताईंना धडकी भरणं साहजिक होतं. कालच धाकटीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, आत्ता कुठे उजव्या डोळ्याची पट्टी निघालेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरी जाऊन पडून राहा. पण ही बया कुणाचं ऐकते! आधी कॉलेज, आधी माझे फोटो, म्हणून हट्ट धरून बसली. ती फोटोग्राफी शिकवायची त्या कॉलेजच्या या हॉलमध्ये फोटो भिंतीवर लागलेच होते. पांढऱ्या बशा, दोरीवर वाळणारा बनियन, पांढऱ्या चादरीवर झोपलेलं पांढरं मांजर, ओट्यावर सांडलेलं दूध. गेली दोन वर्षं मॅडमनी दुसरं काही केलं नव्हतं. प्रदर्शन पुढच्या आठवड्यावर आलं होतं.

“नव्या डोळ्याला सुरुवातीला सगळंच जरा निळं दिसतं, डॉक्टर म्हणालेत ना?” ताई म्हणाल्या. “घाबरू नकोस.”

“भिंत बघ की. भिंत पांढरीच दिसतेय मला. तुझे केससुद्धा पांढरेच दिसताहेत.”

“माझ्या केसांवर घसरायची गरज नाही.”

मॅडमनी उजवा डोळा हाताने झाकला. डाव्या, ऑपरेशन न झालेल्या डोळ्याला दूध अगदी चोख पांढरं दिसलं. डावा झाकला, तर दूध निळसर. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. मग त्यांनी तिथेच फरशीवर बसकण मारली आणि त्या हसत सुटल्या. हसता हसता गालांवर पाणी ओघळलं.

“अगं, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही म्हणालेत!”

“हे आतून येतंय, ताई.”

ताईंना काही कळेना. प्रदर्शन तोंडावर आलेलं, एवढं काम वाया गेलेलं, आणि हिला आनंदाच्या उकळ्या कसल्या फुटताहेत?

“मोतीबिंदू पिवळा असतो,” मॅडम म्हणाल्या. “दोन वर्षं मी पिवळ्या काचेतून बघत होते. पांढरं पिवळट दिसायचं, म्हणून मी फोटो छापताना त्यात निळा रंग वाढवत गेले. आणि इतका बरोबर वाढवलाय बघ, त्या डोळ्याला यातला एकही फोटो चुकलेला नाही! म्हणजे बिघडला होता तो डोळा. मी नाही.”

तेव्हा कुठे ताईंचा जीव भांड्यात पडला. पांढरं ओळखता आलं की बाकीचे रंग आपोआप येतात, असं हिने जन्मभर मुलांना शिकवलं. आणि आता आपल्यालाच ते येईनासं झालंय, आपली नजर संपली, असं हिच्या मनाने घेतलं होतं. हे फोटो बघून विभागप्रमुख नुसते “छान” म्हणाले होते आणि त्यांनी चहाचा विषय काढला होता. त्याच दिवशी हिने सांगून टाकलं होतं, या वर्षानंतर मी शिकवणार नाही.

“मग आता? नोकरी सोडतेयस की नाही?”

“सोडते कशाला! आता सोडतेय होय!”

भिंतीपाशी एक मुलगी फोटोंखाली नावांच्या चिठ्ठ्या चिकटवत होती. बारीक चणीची, म्हणून वर्गात सगळे तिला मुंगी म्हणत. तिच्याकडे लक्ष गेलं आणि मॅडमचं हसू थांबलं. सहा महिन्यांपूर्वी याच मुलीने भर वर्गात विचारलं होतं, “मॅडम, हे दूध निळसर नाही वाटत?” त्यावर मॅडम म्हणाल्या होत्या, “आधी पांढरं बघायला शीक, मग माझ्या दुधाकडे वळ.” वर्ग खो खो हसला होता. तेव्हापासून मुंगीने रंगाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. ती आता फक्त ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढायची. विचारलं तर म्हणायची, मला रंगातलं कळत नाही.

“तू बरोबर होतीस,” मॅडम म्हणाल्या. “आणि मी सगळ्यांसमोर तुझा पाणउतारा केला. चुकलं माझं.”

“नाही हो मॅडम, तसं काही नाही,” असं पुटपुटत मुंगी चांगली चिकटलेली चिठ्ठी पुन्हा दाबत राहिली.

नुसत्या माफीने भागणार नव्हतं, हे मॅडमना दिसलं. त्या उठल्या, प्रिंटवाल्याला फोन लावला आणि भिंतीकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

“सांग, निळा किती पॉइंट कमी करायचा?”

“मी? तुम्हीच बघा ना.”

“माझा एक डोळा पिवळा आणि दुसरा कालचा. दोन्ही बेभरवशाचे. तुझे दोन्ही धड आहेत.”

मुंगीने ताईंकडे पाहिलं. ताईंनी मानेनेच, बघ की, असं सांगितलं. मग ती दुधासमोर जाऊन उभी राहिली. जवळ गेली, मागे आली. हातातली कोरी चिठ्ठी दुधाशेजारी धरली. पलीकडून प्रिंटवाला हॅलो हॅलो करत होता, तरी मॅडमनी घाई केली नाही.

“चार,” मुंगी हळूच म्हणाली. मग, “नाही. दुधाला तीन.” ती मांजराकडे सरकली आणि आता तिचा आवाज हॉलभर ऐकू आला. “मांजराला चार!”

“दुधाला तीन, मांजराला चार,” मॅडम फोनवर म्हणाल्या. “हो, परत छापायचेत. सगळेच. बाकीचे आकडे ही सांगेल तसे सांगते, लिहून घ्या.”

“मॅडम, एकदा वळून बघा तरी!”

“कशाला? तू बघितलंस की.”