उलटा फोटो

मी बोरिवलीला पोचलो. म्हणजे, नाही पोचलो. मी सिल्वासातच, विकीच्या सायबर कॅफेत बसलोय.

लग्नाचं ठरण्याआधी बोरिवलीच्या वैशालीला माझा फोटो हवा होता. फाइल सारखी अर्ध्यात तुटायची, म्हणून विकीनं चॅटवरून थेट जोडणी लावून दिली. फोटो मात्र त्यानं स्कॅनरवर उलटा ठेवला. त्यामुळे तिकडे आधी पाय उमटले.

"बूट आले," वैशालीनं लिहिलं.

मी खाली पाहिलं. बूट नव्हते. पायही नव्हते.

"गुडघे आले. गरम लागतायत."

"विकीभाई, बंद कर ना."

"अरे यार, फोनची वायर केव्हाची काढलीय." वायर त्याच्या हातात होती.

"कंबर आली. मंगेश, तू हलतोयस."

फोटोत हाताची घडी आहे, म्हणून बोटं अजून इकडे आहेत. टाइप करतोय: महोदया, अर्जदाराचा उर्वरित भाग सिल्वासातच ठेवण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.