शेल्याखालचा सौदा

अमरावतीच्या कमलाकांत वकिलांनी आपला मारका बैल नत्थुजीच्या गळ्यात मारला, तेव्हा गादीमागे टेपरेकॉर्डर चालू ठेवला होता. खेड्यातला माणूस उद्या ठरल्या भावाला नाही म्हणायचा, ही धास्ती. चार दिवसांत बैलानं नत्थुजीचा हात मोडला. त्यानं उरलेले पैसे अडवले, वकिलांनी दावा ठोकला. "बैलाची हमी मी दिलीच नव्हती," असं शपथेवर सांगितलं. आपलंच बोलणं चोरून टेप करणं गुन्हा नाही, उलट पक्का पुरावा आहे, हे कोर्टाला तासभर पटवलं. टेप आधी एकदा ऐकायची तसदी मात्र घेतली नाही. स्वतःच्या हुशारीवर एवढा भरवसा.

टेप लागली. भाव ठरला होता बैलबाजाराच्या रीतीनं, शेल्याखाली बोटं दाबून. तिथं नुसती खरखर. मग वकिलांचा मधाळ आवाज आला, "लेकरू हाकते त्याले, नत्थुजी. त्यानं मारलं तं बैल माझा, पैसे तुमचे."

"हेच तं मी सांगून राहिलो होतो, साहेब," झोळीतला हात सावरत नत्थुजी म्हणाला.

न्यायाधीशांनी चष्मा पुसला.

"वकीलसाहेब, टेप पुरावा म्हणून धरायचीच ना?"