पडीक जमीन

पंचनाम्यात ही जमीन पडीक आणि निर्जन नोंदवली आहे. कुंपणालगतचा पांढरा चाफा मग कबरीएवढे अंतर राखून आपणहून रांगेत उगवला असावा. जमिनीखालच्या रहिवाशांनी हरकत घेतली नाही, एवढे मात्र खरे. कुवेतहून आईच्या कबरीवर फातेहा पढायला भिवंडीला आलेली हमिदा कब्रस्तानाच्या जागी गोदाम पाहून थबकली. कब्रस्तान सांभाळणारे तिचे इक्बालमामू आता गोदामाचे मालक होते. “मामू, अम्मीच्या नावाचा दगड कुठाय?” “आधी चहा घे. उन्हात काय उभी राहतेस?” “दगड, मामू.” हमाल खोकी घेऊन दाराची पायरी चढत-उतरत होते. मामूंची नजर त्यांच्या पायांखाली गेली आणि तिथून हलेना. हमिदानेही तिकडे पाहिले. “पायरीला तसा मजबूत दगड मिळत नव्हता,” मामू म्हणाले. “पन मीच उलटा बसवलाय, बेटा. तुझ्या अम्मीच्या नावावर कुनाचा पाय पडत न्हाय.”